केळीचं खोड: धागा काढायचा की शेतातच कुजवायचं?

केळीकर, रावेर
घड उतरला की खोड तोडून बांधावर टाकायचं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. यंदा शेजारच्या मळ्यात धागा काढायचं यंत्र आलं. खोड उभं चिरलं, एकेक सोपट, म्हणजे खोडाचा पदर, रोलरमध्ये सरकवलं. खाली चोथा पडला आणि हातात ओला, चकाकता धागा आला! फिलिपिन्सची अबाका म्हणजे आपल्या केळीचीच बहीण. तिचा धागा प्लास्टिकमध्ये मिसळून केलेलं स्टेपनीचं झाकण मर्सिडीजने ए-क्लास गाडीला बसवलं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मग खोडाला किंमत का नको? प्लास्टिक मजबूत करायला एरवी काचतंतू मिसळतात, त्यापेक्षा हा केळीचा धागा वजनाला जवळपास निम्मा आहे.

काळी माती, यावल
भाऊ, केळी पालाशची भुकेली. पोटॅशची गोणी काय भावाने घेतो आपण? खोड कुजलं की तोच पालाश पिलबागेला, म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाला, परत मिळतो. ते कारखान्याला दिलं तर वर्षागणिक जमीन उपाशी राहील. माझ्या वडिलांनी खोड कधी मळ्याबाहेर जाऊ दिलं नाही, मीही देणार नाही.

केळीकर, रावेर
दादा, तुमची काळजी खरी आहे, पण हिशोब बघा. खोडात नव्वद टक्क्यांवर पाणीच. १०० किलो खोडातून सुका धागा जेमतेम १ किलो निघतो. पालाश राहतो रसात आणि चोथ्यात, ते दोन्ही शेतातच ठेवायचं. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने तर खोडाच्या रसापासून पिकाला द्यायचं द्रवखत बनवलंय. नवसारी आपल्या नवापूरपासून किती लांब आहे?

मोल्डिंगवाला, जळगाव एमआयडीसी
मी प्लास्टिकमध्ये आहे, म्हणून अडचण सांगतो. २०० अंशांच्या वर हा धागा करपतो. कमी उष्णतेत वितळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये चालेल, पण नायलॉनला त्याहून जास्त तापवावं लागतं, त्याचं नाव काढू नका. धागा हवेतली ओल ओढतो. नीट वाळवला नाही तर मालात बुडबुडे येतात. प्लास्टिकला घट्ट धरावा म्हणून कॉस्टिक सोड्यात धुवावा लागतो, मग त्या सांडपाण्याचं काय? आणि प्लास्टिकमध्ये मिसळलेला धागा काही मातीत कुजत नाही. त्याला पर्यावरणपूरक म्हणताना माझी जीभ अडखळते.

काळी माती, यावल
हेच म्हणतो मी! शिवाय १ किलो धाग्यासाठी १०० किलो ओलं ओझं कोण वाहणार? मजूर घड कापायलाच मिळत नाहीत.

केळीकर, रावेर
ओझं वाहायचंच नाही. यंत्र ट्रॅक्टरवर बांधावर यावं, शेतातून फक्त धागा जावा. खोड दोन-तीन दिवस पडून राहिलं तर धागा काळवंडतो, म्हणून कापणीच्या मागोमागच काम उरकावं लागेल. सोड्याच्या पाण्याबद्दल मोल्डिंगवाल्यांचं मला पटलं. त्याची सोय झाल्याशिवाय धुण्याचं काम गावात आणू नये. तोवर दोर आणि पिशव्या आहेतच.

यावलकर दादा, तुमच्या मळ्यातल्या दोन ओळी द्या. एका ओळीचं खोड तुमच्या पद्धतीने कुजवू, दुसरीचा धागा काढून चोथा तिथेच पसरू. आधी आणि नंतर माती तपासू. खर्च माझा.

काळी माती, यावल
विहिरीकडच्या दोन ओळी देतो. चोथा मात्र मी स्वतः पसरणार.