सरासरीच्या ८० टक्के पाऊस, तरी विहीर कोरडी कशी?

माणदेशी_शिवार
म्हसवडच्या पूर्वेचं रान. एक फूट माती, खाली मुरूम. जून ते ऑगस्टअखेर शेतातल्या पर्जन्यमापकात १८० मिमी, त्यातले ११० दोन दिवसांत. महसूल मंडलाचा (काही गावांच्या गटाचा) आकडा सरासरीच्या ८० टक्के, म्हणून ‘दुष्काळ नाही’ म्हणतात. बाजरी वाळली, विहीर चढलीच नाही. पाऊस गेला कुठं? आणि शाळवाचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, काय करावं?

कुरी_कोळपं
८० टक्के म्हणजे तूट २०. हवामान खात्याच्या हिशेबात तूट २६ टक्क्यांवर गेली की मध्यम दुष्काळ, ५० च्या वर तीव्र. पण ही झाली बेरीज, आणि पिकाला बेरीज कळत नाही.

तुमच्या फूटभर हलक्या मातीत पिकाच्या कामाचं पाणी ३० ते ४० मिमीच मावतं. ऑगस्टात उभी बाजरी दिवसाला ४-५ मिमी ओढते. म्हणजे माती तुडुंब भिजली तरी आठ-दहा दिवसांत खडखडाट. दोन दिवसांतल्या ११० मिमीतला बराचसा वाहून माणगंगा नदीला गेला. पुढं तीन आठवड्यांची उघडीप पडली की बाजरी निसवताना, म्हणजे कणसं बाहेर पडताना, मार खाते. खोल काळं रान तेवढी उघडीप काढतं. म्हणून एकाच गावात बांधाच्या अलीकडं करपलेलं, पलीकडं हिरवं.

पाणलोट_आटपाडी
विहिरीचं गणित वेगळं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. पाणी सोडणारी ही जागा खडकाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ धरा. मग पातळी १ मीटर चढायला २० मिमी खाली मुरायला हवं. पावसाचा ढोबळ दहावा हिस्सा मुरतो असं मानलं तर १८० मिमीतून १८. मीटरभरसुद्धा नाही, आणि तेवढ्यात मोटर चालूच असते!

आता उपसा बघा. वर्षाला ४५० मिमी पाऊस, मुरलं ४५. उसाला पावसाशिवाय वरून १५०० मिमी दिलं तर एकरी ६० लाख लिटर झालं, म्हणजे ३३ एकरांवर मुरलेलं पाणी एका एकरात. चांगल्या पावसाच्या वर्षीही फेब्रुवारीत विहिरी तळाला जातात त्या यामुळं. त्याला निव्वळ पावसाचा दुष्काळ म्हणणं मला पटत नाही.

टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या आवर्तनानं (पाळीनं सोडलेल्या पाण्यानं) भरणाऱ्या तलावाखालच्या विहिरी मात्र या हिशेबात धरू नका, त्यांची पातळी पावसाशी जुळत नाही.

कुरी_कोळपं
शाळवाचं आत्ताच ठरवू नका. महाबळेश्वरला ५००० मिमीच्या वर ओतून ढग घाट उतरतात तोवर हवा तापते, ढग विरतात. त्यामुळं जून-जुलैत माण-खटाव-जतच्या वाट्याला भुरभुरच. इथला खरा भरवसा सप्टेंबरच्या पावसावर, बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. तो चुकला तर चाराही गेला.

रान तणमुक्त ठेवा, उताराला आडवे सारे (मातीचे वरंबे) पाडून घ्या. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान पहारीनं खड्डा घेऊन बघा: माती मुरमापर्यंत ओली आणि मुठीत गोळा होत असेल तरच पेरा. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा माउली हे वाण. मालदांडी तिथं तग धरत नाही. एकरी ४ किलो बी, काणी रोगासाठी किलो बियाला ४ ग्रॅम गंधक चोळून, अंतर ४५ बाय १५ सेंमी. कोळपण्या तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्यानं, भेगा बुजवायला. बरेच जण हीच टाळतात आणि उरलेली ओल भेगांतून उडून जाते.

माणदेशी_शिवार
मंडलाचं मापक आमच्यापासून लांब आहे. शेतातली नोंद ग्राह्य धरतात का?

पाणलोट_आटपाडी
सरकारी निर्णयाला मंडलाचाच आकडा. पण पंचनाम्याला आणि पैसेवारीवर (पिकाच्या सरकारी अंदाजावर) हरकत घेताना तुमची वही दाखवता येते. मापक झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा, रोज सकाळी साडेआठला मोजा. विहीर महिन्याच्या १ तारखेला, मोटर सुरू करण्याआधी, काठावरच्या एकाच खुणेपासून टेपनं.