पाकळी पडत नाही तेव्हा

'सगळं देवाच्या वेळेनं होतं, का म्हणून विचारू नये' असं एक मत ऐकलं, ते मला अर्धंच पटलं. वेळ त्याची, हे कबूल. पण विचारायचं का नाही? आमच्या गोव्यात तर देवाला सरळ विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार. कधीकधी एकही हलत नाही. मग भटजी पुन्हा गाऱ्हाणं घालतात आणि माणसं बसून राहतात. माझ्या मते श्रद्धा म्हणजे ते बसून राहणं, होकार मिळणं नव्हे.

१५६० मध्ये पोर्तुगीजांच्या मूर्तिभंजनाच्या भीतीनं मंगेशाचं शिवलिंग कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेलं. देवावरच घर सोडायची पाळी का आली, याचं उत्तर त्या भक्तांना मिळालं असेल असं वाटत नाही. तरी देव मागं ठेवून ते गेले नाहीत.

एक विनंती. ज्या घरात तरणंताठं माणूस गेलंय तिथं 'चांगल्यासाठीच झालं' म्हणू नका. पेज करून न्या, जरा वेळ बसा. देवाची बाजू मांडायला त्यांनी तुम्हाला बोलावलेलं नाही.