सीसीएनए लॅबसाठी वापरलेला राउटर-स्विच: काय घेऊ?

रात्रीचा_अभ्यास: सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची, सीसीएनए २००-३०१ ची, तयारी करतेय. कमांडवर हात बसावा म्हणून वापरलेला एक राउटर आणि दोन स्विच घ्यायचेत. बजेट फार तोकडं आहे. आजी याच खोलीत झोपते, त्यामुळे आवाज नको. सिस्को १८४१ राउटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

रॅकवाला: १८४१ ला हातही लावू नकोस, फार जुना. माझ्याकडे तीन २९११ राउटर आणि दोन ३५६० स्विच आहेत, सगळं रॅकमध्ये. ३५६० लेयर थ्री, स्विचवरच राउटिंग होतं. एकदाच घे, चांगलं घे.

पिंग_वेडा: बजेट तोकडं आहे म्हणाली ना ती? पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावरच खोटे राउटर-स्विच चालवणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मी त्यावरच पास झालो, एकही डबा विकत घेतला नाही.

नाइटशिफ्ट: आवाजाचं मनावर घे. मी ४८ पोर्टचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच उचलला होता. चालू केला की मिक्सर लावल्यासारखा. कपाटात कोंडला तर तापून बंद पडायला लागला. पंखा नसलेला ८ पोर्टचा २९६०-सी शोध.

रॅकवाला: आणि राउटर राउटरला जोडायचं सिरियल कार्ड, केबल विसरू नकोस.

पिंग_वेडा: कशाला? सिरियलवर चालणारा पीपीपी प्रोटोकॉल २००-३०१ मध्ये नाहीच.

रॅकवाला: परीक्षेपलीकडेही काम असतं.

मोड_बटण: सिरियलचं राहू द्या. ताई, पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून 'शो व्हर्जन' कमांडच्या उत्तराचा फोटो मागा. आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टीम) फाइलच्या नावात के९ नसेल तर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) चालणार नाही, आणि ते परीक्षेत आहे. लॅपटॉपवरून थेट कमांड द्यायची कन्सोल केबल वेगळी घ्यावी लागेल, स्पीड ९६००. पासवर्ड लागलेला असला तर घाबरू नका: स्विचचं मोड बटण दाबून धरून वीज जोडायची, राउटरला सुरू होताना ब्रेक कळ देऊन रजिस्टर ०x२१४२ करायचं, म्हणजे तो जुनी सेटिंग न वाचता सुरू होतो. काम झालं की परत ०x२१०२. आणि जुन्या स्विचमधली व्हीलॅनची (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) यादी ठेवणारी व्हीलॅन डॉट डॅट फाइल आधी उडवा. मी उडवली नव्हती. माझ्या स्विचला व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारा प्रोटोकॉल) डोमेन दिलेलं नव्हतं. ट्रंक (सगळे व्हीलॅन नेणारी स्विचमधली जोडणी) जोडताच त्याने जुन्याचं डोमेन उचललं आणि माझे सगळे व्हीलॅन पुसले गेले. संध्याकाळभर केबल बदलत बसलो होतो.

नवा_विद्यार्थी: मीही पॅकेट ट्रेसरच म्हणेन. स्विच घेतलाच तर आवाज बघून घ्या.

नाइटशिफ्ट: तेच तर म्हटलं मी वर.

रात्रीचा_अभ्यास: सगळ्यांचे आभार. रॅकवाला दादा, रागावू नका, १८४१ च घेतला. ओएसपीएफ (रस्ते शोधणं), नॅट (पत्ते बदलणं), एसीएल (रहदारी गाळणं) सगळं त्यावर होतं, आणि विकणाऱ्याने समोर चालू करून दाखवला. फाइलच्या नावात के९ आहे. सोबत एकच २९६०-सी, दुसऱ्या स्विचला पैसे उरले नाहीत. राउटरला पंखा आहे, म्हणून आजी झोपायच्या आत त्याचा अभ्यास उरकते. काल पहिल्यांदा लावला. स्क्रीनवर हॅशच्या रांगा सरकत गेल्या, मग प्रॉम्प्ट आला. स्विचला जोडल्यावर पोर्टचा दिवा आधी नारिंगी, मग हिरवा. घड्याळ लावून मोजलं, साधारण ३० सेकंद. एसटीपीचं (नेटवर्कमधले घेरे टाळणाऱ्या प्रोटोकॉलचं) लिसनिंग १५, लर्निंग १५. अजून एक अडलंय: लॅपटॉपवरून एसएसएच केलं की की-एक्स्चेंज (गुप्त किल्ली ठरवायची पद्धत) जुळत नाही म्हणतो.

मोड_बटण: राउटरचं आयओएस जुनं, लॅपटॉपचं ओपनएसएसएच नवं. डिफी-हेलमन ग्रुप१, म्हणजे जुनी की-एक्स्चेंज पद्धत, नव्यात मुळातच बंद असतं. राउटरच्या त्या एका पत्त्यापुरतं लॅपटॉपवर सुरू करा.