‘आत कोणी असेल तर’: समवन की एनीवन?

सावदेकर
मंडळी, एका पाटीने दोन दिवस डोकं खाल्लंय. आमच्याकडे केळी पिकवायची चार रायपनिंग चेंबरं आहेत. पिकवणारा इथिलीन वायू सोडला की साधारण 24 तास दार उघडत नाही, आणि पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात तो आतच साठतो. म्हणून दारावर मराठीत लिहिलंय, ‘आत कोणी असेल तर दार लावू नये’. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, खाली इंग्रजीतही पाहिजे. मी लिहून दिलं, ‘इफ समवन विल बी इनसाइड, डू नॉट क्लोज द डोअर’. त्यांनी ‘समवन’ खोडून ‘एनीवन’ केलं. पुतण्या पुण्याला शिकतो. तो म्हणतो, काका, दोन्ही चालतं, पण ते ‘विल’ काढा. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, त्याचं म्हणणं, एकदा काय ते ठरवा. शाळेत आम्हाला ‘एनीवन म्हणजे कोणीही’ असं घोकवलं होतं. मग मराठी काय, ‘आत कोणीही असेल तर’? म्हणजे मालक असो की हमाल, असं? ते काही बरोबर वाटत नाही.

चोपड्याचे_मास्तर
31 वर्षं इंग्रजी शिकवलं. साधं आहे. होकारार्थी वाक्यात सम, नकारार्थी, प्रश्नार्थी आणि ‘इफ’च्या वाक्यात एनी. ‘इफ’नंतर ‘विल’ येत नाही. ‘इफ एनीवन इज इनसाइड’. विषय संपला.

तापीकाठ
मास्तर, नमस्कार. विषय इतका लवकर संपला असता तर 1969 साली भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ बाईंना त्यावर अख्खा लेख लिहावा लागला नसता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘इफ’च्या वाक्यात दोन्ही येतात, पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर ठरतं. व्हायला हवं असेल तर सम, नको असेल तर एनी. लाच आणि धमकी, असं समजा. पोराला भाजी खायला लावायची असेल तर ‘इफ यू ईट सम...’ आणि डब्याला हात लावू द्यायचा नसेल तर ‘इफ यू ईट एनी...’. सावदेकरांना आत माणूस नकोच आहे, म्हणून साहेबांचं ‘एनीवन’ बरोबर. ‘समवन’ चूक नाही, पण त्यातून वाटतं की आत कोणीतरी असणार हे गृहीतच आहे.

भरीतपार्टी
तापीकाठ, हे मराठीत आहेच की! आमची आई म्हणायची, ‘जरा अभ्यास केलास तर सायकल मिळेल’. आणि वडील झोपलेले असले की, ‘जराही आवाज केलास तर बघ’. एका ‘ही’ने लाचेची धमकी होते. आता उलटं करून बघा, ‘जराही अभ्यास केलास तर सायकल मिळेल’. पोरगं हसेल.

सावदेकर
वा ताई. पण मग ‘कोणीही’ला धमकी का चिकटत नाही? ‘कोणीही आत असेल तर’ म्हटलं की ती धमकी न होता यादी होते.

तापीकाठ
कारण आपल्याकडे तीन आहेत आणि इंग्रजीत दोन. गाडी चिखलात रुतलीय, तेव्हा आपण म्हणतो ‘कोणीतरी आलं तर ढकलता येईल’. ही आशा, म्हणजे समवन. ‘कोणी आलं तर सांग, मी मळ्यात आहे’. इथे येईल न येईल, आपल्याला काही नाही, ही एनीवन. आणि ‘कोणीही आलं तरी दार उघडू नको’. हीसुद्धा एनीवन, पण तिचा अर्थ ‘कोण का असेना’. शाळेत तिसरी शिकवतात आणि मधली विसरतात. ‘इफ’च्या वाक्यात मात्र बहुतेक वेळा मधलीच लागते, नुसतं ‘कोणी’.

मायबोलीचा_कैवारी
मला एक कळत नाही. चेंबर सावद्याचं, मजूर इथले, केळी इथली. इंग्रजी पाटी वाचणार कोण, घड? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली ती काय रायपनिंग आणि पेंटर म्हणायला? ‘पक्वन कक्ष’ म्हणा, ‘रंगारी’ म्हणा.

भरीतपार्टी
भाऊ, आमच्याकडे रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. त्याला पाटी दिली तर तो ती हंड्यात बुडवेल. आणि पक्वन कक्ष म्हटलं तर हमाल स्वयंपाकघर शोधत फिरेल. पूर्वी वखार म्हणायचे, ते म्हणा हवं तर.

मायबोलीचा_कैवारी
वखार उत्तम! पण मग ‘जर’ही टाका. तो फारसी ‘अगर’वरून आलाय.

चोपड्याचे_मास्तर
काय सांगता! ‘जर’ आपलाच आहे, संस्कृत ‘यर्हि’कडून आलेला, जसा ‘तर’ हा ‘तर्हि’कडून. जुन्या मराठीत तर ‘जरी... तरी’ हे आजच्या ‘जर... तर’च्याच अर्थाने येतं. ‘कोण’सुद्धा जुन्या ‘कवण’मधून.

भरीतपार्टी
म्हणजे ‘कोणीतरी’ हा ‘कोणी’ अधिक ‘तर’ अधिक ‘ही’? माझी आपली एक लाडकी समजूत.

चोपड्याचे_मास्तर
लाडकीच राहू द्या.

धुळ्याचा_वकील
कायद्याने हा पेच कसा सोडवला ते बघा. 2024 पर्यंत चाललेल्या 1860 च्या दंड संहितेत गुन्ह्याच्या कलमांची सुरुवात बहुधा ‘हूएव्हर’ने व्हायची, मराठीत ‘जो कोणी’. ‘इफ’च नाही, त्यामुळे सम-एनीचा प्रश्नच उद्भवत नाही. मजा अशी की इंग्रजीत क्रियापद वर्तमानकाळी, ‘कमिट्स’, आणि मराठीत ‘करील’. सावदेकरांचं ‘विल’ इथूनच आलंय. ‘असेल’ दिसलं की हात आपोआप ‘विल’ लिहितो. पण ‘आत कोणी असेल तर’मधला ‘असेल’ उद्याचा नाही. तो आत्ताचा अंदाज आहे.

चोपड्याचे_मास्तर
मी तेच म्हणालो. ‘इफ’नंतर ‘विल’ नाही.

धुळ्याचा_वकील
कधीच नाही, असं नाही. ‘इफ एनीवन विल लेंड मी अ ट्रॅक्टर’, म्हणजे कोणी ट्रॅक्टर द्यायला तयार असेल तर. तिथे ‘विल’ म्हणजे राजीखुशी. चेंबरमध्ये कोंडून घ्यायला कोण राजी असणार, म्हणून पाटीवर नको.

अमळनेरवाली
आणि पुढे ‘टेल हिम’ की ‘टेल देम’? एनीवन एकवचनी आणि मागून ‘देम’, हे माझ्या मुलीच्या शाळेत कापलं. 2019 चा शब्द म्हणून मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘दे’ निवडला होता, तरीही. आपल्याकडे ही भानगडच नाही. ‘कोणी आलं का?’ बाई की बुवा, कळेपर्यंत नपुंसकलिंग.

धुळ्याचा_वकील
1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्याने तर सांगूनच टाकलंय, इंग्रजी ‘ही’ म्हणजे ‘शी’पण.

मायबोलीचा_कैवारी
ताई, अमळनेरच्या ना? मग घरी ‘कोणी आलं’ कुठे म्हणता, अहिराणीच बोलत असाल. ती मराठीच.

अमळनेरवाली
आजी म्हणायची, ‘कोनी उना ते माले सांगजो’. उना. बाई आली तरी उनाच. आणि ती मराठीच की वेगळी, ते घरी विचारू नका, जेवण मिळणार नाही. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने 1907 च्या खंडात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, भिल्ली भाषांसोबत बसवलं, मराठीच्या खंडात नाही.

मायबोलीचा_कैवारी
ग्रिअर्सनचं ऐकायचं तर मग इंग्रजी पाटीच लावा!

तापीकाठ
सावदेकर आहेत का? त्यांची पाटी राहिली.

भरीतपार्टी
आधी ‘सांगजो’चं बोला. हा ‘जो’ आमच्या लेवा बोलीतही आहे, ‘मले सांगजो’. गुजरातीतून आलाय म्हणतात.

चोपड्याचे_मास्तर
म्हणतात म्हणजे कोण म्हणतात?

सावदेकर
आहे दादा, आहे. पेंटर थांबला नाही. त्याने विचारलं, यात सगळ्यात कमी अक्षरं कशात? तर ‘लुक इनसाइड फर्स्ट’ रंगवून गेला. इफ नाही, एनीवन नाही, विल नाही. साहेब परत आले की बघू. तोवर दार लावणारा गडी अमळनेरकडचा आहे, तो कुठलीच पाटी वाचत नाही. दोन बोटं फट राहिली की थांबतो, डोकं आत घालतो, ओरडतो, ‘मझार कोनी शे का रे?’ आणि उत्तर आलं नाही तरी टॉर्च मारून क्रेटांच्या मागे बघून येतो.

भरीतपार्टी
‘शे’ एकवचन ना? दोघं असले तर?