मदत हवी आहे: डबल मेजर की ड्युअल डिग्री? (तातडीचं)

निळीछत्री
कोणीतरी पटकन सांगा. लेकीला दोन विषय घ्यायचेत, कॉम्प्युटर सायन्स आणि इकॉनॉमिक्स. ती म्हणते डबल मेजर करीन, तिचा मामा म्हणतो ड्युअल डिग्रीच घे, त्या डिग्रीला वजन असतं. शुक्रवारी बँकेत कर्जाची फाइल द्यायची आहे आणि अर्जात कोर्स किती वर्षांचा ते लिहायचंय. चार लिहू की पाच? वाचून वाचून डोकं भणभणलंय. थेट उत्तर द्या, प्लीज.

पर्वतीकर
थेट उत्तर: युजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्हीकडे वर्गात बसायचं असेल तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. आमच्या शेजारचा मुलगा सकाळी कॉलेजात बीकॉम करतो आणि रात्री आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बीएस. चार-पाचचा प्रश्नच येत नाही.

डेक्कनचा_दादा
पर्वतीकर, तुम्ही सांगताय ते तिसरंच. नव्या शैक्षणिक धोरणातल्या डबल मेजरमध्ये पदवी एकच मिळते, फक्त दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप) लागतात. चार वर्षांच्या १६० पैकी ६४. ताई, कॉलेज कुठलं ते सांगा ना! विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त की खासगी?

पाषाणवाला
दोन्ही सोडा. आयसर या सरकारी विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस बघा, तीच खरी ड्युअल डिग्री. पाया पक्का होतो. मी स्वतः तिथूनच शिकलोय, म्हणून सांगतोय.

निळीछत्री
अहो, पुण्यात नाही, अमेरिकेत! ऑगस्टमध्ये निघायचंय. कर्ज म्हटल्यावर लक्षात येईल असं वाटलं. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हातात आहे. त्यावर मेजर १ पुढे कॉम्प्युटर सायन्स आहे आणि मेजर २ पुढे 'नन' लिहून सगळी शून्यं छापलीत. म्हणजे इकॉनॉमिक्स मिळणारच नाही का?

डेक्कनचा_दादा
कर्ज इथल्या एमबीएलाही काढतात, ताई. कसं कळणार?

वाकड_ते_ऑस्टिन
आधी त्या शून्यांची भीती काढून टाका. दुसरा विषय अजून नोंदवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षात नोंदवता येतो. मग तिथला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा विद्यापीठाचा अधिकारी, आय-२० सुधारून देतो.

आता फरक. डबल मेजर म्हणजे पदवी एक, विषय दोन. सामायिक विषय दोन्हींकडे धरले जातात, त्यामुळे नीट आखलं तर साधारण १२० क्रेडिटमध्ये, चार वर्षांत बसतं. ड्युअल डिग्री म्हणजे दोन वेगळ्या पदव्या, दोन प्रमाणपत्रं. तिथे पुष्कळ विद्यापीठं वर आणखी ३० क्रेडिट मागतात, म्हणजे १५०. तुमची ती चार की पाच वर्षं इथे ठरतात. पण हे मुलगी ठरवत नाही, विद्यापीठाची रचना ठरवते. कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंग कॉलेजात बीएस आणि इकॉनॉमिक्स आर्ट्समध्ये बीए असेल, तर काही ठिकाणी डबल मेजर करूच देत नाहीत. तुमच्याकडे हे दोन विषय कुठल्या कॉलेजांत आहेत?

शनिपार_सुगरण
लेक पहिल्यांदाच जातेय तर कुकर इथूनच द्या, इंडक्शनवर चालणारा. आणि जादा रिंग द्या दोन. तिथे आपल्या कुकरची रिंग शोधत फिरावं लागतं.

कोथरूड_काका
मामांचं बरोबर आहे. दोन पदव्या घेतल्या की ओपीटीही (शिकलेल्या विषयात तिथे काम करायची मुभा) दोनदा मिळतो. पैसे वसूल.

वाकड_ते_ऑस्टिन
काका, असं सांगू नका हो, कोणीतरी त्यावर कर्ज काढेल. ओपीटी शिक्षणाच्या पातळीवर मिळतो. बॅचलर्सला १२ महिने, मग बॅचलर्सच्या पदव्या एक असोत की दोन. स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) वाढीव २४ महिने कॉम्प्युटर सायन्समुळे मिळू शकतात, पण काम त्या विषयाशी निगडित हवं. इकॉनॉमिक्सवर दुसरी पदवी घेऊन त्यात भर पडत नाही.

कोथरूड_काका
माझ्या भाच्याने दोनदा घेतला.

वाकड_ते_ऑस्टिन
दुसऱ्यांदा मास्टर्सनंतर घेतला असेल. ती वरची पातळी, तिथे नव्याने मिळतो.

निळीछत्री
हो, मास्टर्स वगैरे नंतर. आत्ता तिला विचारलं: कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगमध्ये, इकॉनॉमिक्स आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये. पण इकॉनॉमिक्सला बीए आणि बीएस दोन्ही आहेत म्हणे. हे तुम्ही विचारेपर्यंत आम्हाला सुचलंच नव्हतं. मग अर्जात काय लिहू?

वाकड_ते_ऑस्टिन
चार. आय-२० वर कोर्स संपायची तारीख छापलेली असते, बँक तीच बघते. पाच लिहिलं तर कागद जुळणार नाही. लेकीला मात्र आजच विद्यापीठातल्या सल्लागाराला मेल करायला सांगा: इंजिनिअरिंगच्या बीएसबरोबर इकॉनॉमिक्स दुसरं मेजर म्हणून चालतं का, की वेगळी पदवी धरता? आणि वेगळी धरत असाल तर किती क्रेडिट वाढतात? पुढे मुदत वाढवायची वेळ आलीच, तर ती तारीख उलटायच्या आत डीएसओकडे जावं लागतं, हे तिच्या डोक्यात पक्कं असू द्या. पाचव्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च लाखांत असतो, निव्वळ जादा प्रमाणपत्रासाठी तो करू नका.

पाषाणवाला
तेवढ्या पैशांत आयसरची पाचही वर्षं होतील. एकदा विचार करा.

निळीछत्री
मेल गेला. अर्जात चार लिहिलंय. सुगरणताई, कुकर तीन लिटरचा पुरेल की पाच?