पातळपणा आणि भुसावळचा मे महिना

"जाड लॅपटॉप आता कोण घेतो, पातळ आणि सुबक हीच प्रगती" हे मत मला मुळीच पटत नाही. मी भुसावळला राहतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारी पंख्याचा वाराही झळा मारतो. अशा खोलीत पातळ यंत्राने आतली उष्णता टाकायची कुठे? पंखा इवलासा किंवा नाहीच. मग प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. पैसे मात्र आपण पूर्ण वेगाचे मोजलेले असतात!

ॲपलचा २००० सालचा जी४ क्यूब हा टेबलावरचा संगणक आठवा. देखणा, बिनपंख्याचा, २००१ मध्येच उत्पादन थांबलं. २०१५ चा मॅजिक माऊस २ तर चार्जिंगला लावला की वापरताच येत नाही, कारण भोक पोटाखाली.

भाच्याच्या लॅपटॉपची रॅम वाढवायला जळगावला गेलो होतो. रॅम बोर्डालाच डाख दिलेली, दुकानदाराने हात जोडले. दोन मिलिमीटर जाडी वाढवून साधा स्लॉट दिला असता तर पोराचं इंजिनिअरिंग त्याच लॅपटॉपवर पार पडलं असतं. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय (टीव्ही-प्रोजेक्टर जोडायचं भोक) आणि मेमरी कार्डाचा स्लॉट परत आले, तेही गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर.