फास्ट चार्जर, पण इलेक्ट्रिक गाडी काही भरेना! तुमचे अनुभव सांगा

काल रात्री आठला भावाचा चिपळूणहून फोन. मुंबईहून कुडाळला निघालाय. "ताई, चार्जर साठ किलोवॅटचा आहे, पण गाडी अठराच्या वर घेईना." आमची दोन वर्षांपूर्वीची गणपतीची खेप आठवली. पुण्याहून कुंभार्लीमार्गे गुहागर. कराडजवळ पंपावर चार्जर, त्यावर ठळक ६० किलोवॅट. आमची बॅटरी ३० युनिटची. २० ते ८० टक्के म्हणजे १८ युनिट, अर्ध्या तासात उरकेल असं वाटलं. स्क्रीनवर आकडा १६, हलेचना. सव्वा तास गेला. सासूबाईंना शुगर, जेवणाची वेळ टळलेली, हात थरथरायला लागले. पंपामागे राहणाऱ्या मावशींनी ते पाहिलं आणि गरम भाकरी, दोडक्याची भाजी घेऊन आल्या. पैसे घेतले नाहीत. सासूबाई अजून नाव काढतात. तुमचंही लिहा.

*

सेम. खंबाटकीच्या अलीकडे पावणेदोन तास. लेक पेंगुळलेली, मांडीवर घेऊन बसलो. नंतर लिहितो, कुकर लागलाय.

*

६० च्या मशीनला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतील तर दोन गाड्यांत वाटून ३०-३० मिळतात. आत पॉवर मॉड्यूल म्हणजे वीज पुरवणारे वेगवेगळे डबे असतात, त्यातलं एक गेलं तरी मशीन चालूच दिसतं. ॲपवर हिरवा ठिपका, प्रत्यक्षात निम्मा जोर. मी आधी फोन करून "आत्ता किती देतंय?" एवढंच विचारतो. पंपावरची पोरं खरं सांगतात.

*

ताई, दोडक्याला दाण्याचं कूट होतं की तीळ?

*

तीळकूट! आणि वर कच्चं तेल.

*

८० टक्क्यांच्या पुढे बसून राहू नका, तिथून गाडी स्वतःच वेग कमी करते. मागे कुणी ताटकळत असतं.

*

नॉर्वेत राहते. चार्जर १५० चा, बाहेर उणे १२, गाडी घेतेय ३५. थंड बॅटरी घेतच नाही. आता नकाशात चार्जर टाकून निघतो, मग गाडी वाटेतच बॅटरी गरम करून ठेवते. कुंभार्ली वाचून गलबललं, माझं आजोळ पाटण.

*

आमची कोल्हापूरला मध्येच वीज गेली आणि गन अडकली. गाडी दोनदा लॉक-अनलॉक केल्यावर सुटली. रात्रीचे अकरा, बायको सातव्या महिन्यात. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

*

अरे बाप रे. बाळ कसंय?

*

मस्त! रांगतोय आता.

*

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अटल सेतू, एक्सप्रेसवे, समृद्धीवर ईव्हीला टोल माफ झाला, फार बरं वाटलं. आता आहेत त्या मशीन दुरुस्त ठेवा, एवढंच मागणं. नवीन नंतर लावा.

*

ताई, भाऊ पोचला का?

*

पोचला, पहाटे सव्वादोनला. आई जागीच होती, पेज गरम करून दिली.